दप्तरातील तारीख

आकाशवाणीचे केंद्र सकाळी सुरू होते तेव्हा निवेदक प्रथम दिवसाची ओळख करून देतो. इंग्रजी तारीख सांगून झाली की तो भारतीय सौर दिनांकही सांगतो. १२ जानेवारी २०२६ रोजी हा सौर दिनांक २२ पौष, शके १९४७ असा होता. ज्यांचे बालपण पंचांगाच्या सहवासात गेले, अशा वडीलधाऱ्या श्रोत्यांना हा उच्चार क्षणभर चमत्कारिक वाटतो. पौषात बावीस कोठून आले? शुद्ध पक्षात पंधरा आणि वद्य पक्षात पंधरा, येथे तिथींची गणती संपते. परंतु ही तिथी नव्हेच. डॉ. मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग-सुधारणा समितीच्या शिफारशीवरून भारत सरकारने २२ मार्च १९५७ हा दिवस चैत्र १, शके १८७९ असा धरून जी सौर कालगणना चालू केली, तिच्यातील तो दिवस आहे. महिन्याचे नाव जुने, शकही जुनाच. मोजण्याची रीत मात्र निराळी.

त्याच १२ जानेवारीस बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा ह्या गावी जिजाबाईंचा जन्मोत्सव होतो. लखुजी जाधवरावांच्या ह्या कन्येचा परंपरेने मानलेला जन्मदिवस म्हणजे शके १५१९ ची पौष पौर्णिमा. आणि तिचे इंग्रजी रूपांतर पुस्तकांतून १२ जानेवारी १५९८ असे छापलेले असते. २०२६ साली पौष पौर्णिमा ३ जानेवारीस येऊन गेली होती. तिथी मानणाऱ्याचा दिवस नऊ दिवसांपूर्वी झाला, तारीख मानणाऱ्याचा आज झाला. ह्यात कोणी कोणास दोष देण्याचे कारण नाही. दोघेही एकाच नोंदीचे वाचक आहेत. प्रश्न निराळाच आहे. कागदावर एखादी तारीख लिहिली, म्हणजे लिहिणाऱ्याने नेमके काय लिहिले, आणि वाचणाऱ्याने त्यातून काय घेतले?

हा प्रश्न पूर्वी इतिहाससंशोधकांपुरता होता. आता तो प्रत्येक कचेरीत येऊन बसला आहे. महाराष्ट्रात जमिनीचे जुने अभिलेख छायाचित्रित होऊन संगणकात गेले; शाळांची, नगरपालिकांची, जन्ममृत्यूंची बाडेही हळूहळू त्याच वाटेने चालली आहेत. त्यांतील मजकूर साध्या अक्षरांच्या फाइलीत ओळीमागून ओळ उतरविला जातो: नाव, गाव, मौजा, तारीख, मध्ये स्वल्पविराम. नाव थोडे चुकले तर माणूस ते ओळखतो. तारीख चुकली तर ती चुकली असे दिसतच नाही, कारण चुकलेली तारीखही तारखेसारखीच दिसते.

आपल्याकडील जुन्या कारकुनांस हा धोका पुरता ठाऊक होता, असे त्यांच्या लेखनावरून म्हणावे लागते. पानिपतचा दिवस पाहावा. इंग्रजी गणनेने तो बुधवार, १४ जानेवारी १७६१. मराठी दप्तराच्या रीतीने तो शके १६८२, विक्रम नाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी. शिवछत्रपतींनी चालू केलेल्या राज्याभिषेक शकाचे ते ८७ वे वर्ष. सुहूर सन ११६१, दक्षिणी फसली ११७०, आणि हिजरी ११७४ चा जमादिलाखर महिना. एकाच दिवसाला इतकी नावे! नव्या वाचकास हा निव्वळ गोंधळ वाटेल. वास्तविक ती शिस्त होती. शक लिहिला तरी त्यासोबत संवत्सराचे नाव लिहावयाचे, तिथी लिहिली तरी वार लिहावयाचा, अशी चाल होती. आणि तिचा उपयोग असा की, एक अंग चुकले तर दुसरे ते पकडून देते.

संवत्सराचेच घ्या. शकाच्या आकड्यात बारा मिळवून साठाने भागावे. बाकी उरेल तितक्या क्रमांकाचे संवत्सर. १६८२ त बारा मिळविले की १६९४. साठाने भागून बाकी १४. आणि प्रभवापासून चौदावे संवत्सर विक्रम. लेखकाचा हात चुकून १६८२ च्या जागी १६२८ पडले, तर बाकी २० येते आणि विसावे संवत्सर व्यय. 'विक्रम' हा शब्द तेथे जुळत नाही. आजच्या यंत्रविद्येत लांबलचक क्रमांकाच्या शेवटी तपासणीचा एक अंक जोडतात, त्याचेच हे काम. वाराचेही तसेच. अमुक शकातील पौष शुद्ध अष्टमी एका ठराविक वारीच येणार. वर्ष चुकीचे वाचले तर सातांतून साधारण सहा वेळा वार विरुद्ध साक्ष देईल.

मात्र सारेच कागद इतक्या सावधपणे लिहिलेले नाहीत. घाईने पाठविलेल्या पत्रांच्या शेवटी पुष्कळदा नुसते 'छ' आणि त्यापुढे मुसलमानी महिना व त्याचा दिवस एवढेच असते. 'छ' ही चंद्राची, म्हणजे चांद्र तारखेची खूण. वर्ष नाहीच. पाठविणाऱ्यास आणि घेणाऱ्यास वर्ष ठाऊक होते. ते लिहिण्याचे प्रयोजन काय? दीडशे-दोनशे वर्षांनी ते पत्र राजवाडे किंवा सरदेसाई ह्यांच्यासारख्यांच्या हाती आले तेव्हा प्रयोजन उमगले. १९३० ते १९३४ ह्या काळात पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड सरदेसाई ह्यांनी सिद्ध केले. अशा कामात वर्ष नसलेल्या पत्राचे वर्ष आतील मजकुरावरून, माणसांच्या नावांवरून, मुक्कामांवरून अजमावीत बसावे लागते; आणि अजमास चुकला की पत्र दहा वर्षे अलीकडे किंवा पलीकडे जाऊन पडते.

ह्या सर्व गणनांत सुहूर सनाचे प्रकरण मोठे मौजेचे आहे. ह्यालाच अरबी सन किंवा मृगसाल म्हणत. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की हे वर्ष बदलते. पावसाची, पेरणीची आणि म्हणूनच सरकारी हिशेबाची ही सुरुवात. पुण्याच्या दप्तरखान्यापासून वऱ्हाडातल्या कुणब्यापर्यंत सर्वांस कळणारी. मृगापासून डिसेंबरपर्यंत सुहूर सनात ५९९ आणि जानेवारीपासून पुढल्या मृगापर्यंत ६०० मिळविले की इसवी सन येतो. इतपत सोपे. परंतु हा आकडा अंकांत न लिहिता अरबी संख्यावाचक शब्दांत लिहीत, आणि शब्दांचा क्रम उलटा: प्रथम एकं, मग दहं, मग शेकडा, शेवटी हजार. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. आता सहा म्हणजे 'सीत' आणि साठ म्हणजे 'सितैन'. सात म्हणजे 'सबा' आणि सत्तर म्हणजे 'सबैन'. तेव्हा 'सबा सितैन' हे सदुसष्ट झाले आणि 'सीत सबैन' हे शहात्तर. मोडीच्या धावत्या लिपीत, वाळवी लागलेल्या कागदावर, ह्या दोन जोड्यांत गल्लत होणे किती सोपे! आणि गल्लत झाली तर नऊ वर्षांची. सदुसष्ट म्हणजे पानिपतच्या घावातून सावरणारे थोरल्या माधवरावांचे राज्य. शहात्तर म्हणजे माधवराव आणि नारायणराव दोघेही जाऊन बारभाईंची धामधूम चाललेली. अशा ठिकाणी जंत्री उघडावी लागते. बाळाजी प्रभाकर मोडक ह्यांची १७२८ पासून १८८९ पर्यंतची जंत्री, आणि त्यानंतर स्वामीकन्नू पिल्लै ह्यांचे मोठे कोष्टक, ही ह्या कामातील दोन मोठी साधने. शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांनी रॉबर्ट स्युएल ह्यांच्यासह १८९६ त प्रसिद्ध केलेला भारतीय पंचांगावरील ग्रंथ तर अजूनही हाताशी ठेवण्यासारखा आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने फसली सन अधिक जवळचा. हिजरी वर्ष चांद्र. ते सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. तेहेतीस पिके निघतात तेव्हा हिजरीची चौतीस वर्षे होतात. रयतेने चौतिसावा सारा कोठून आणावा? म्हणून अकबराच्या राज्यात हिजरी ९६३ चा आकडा उचलून तेथून पुढे तो पिकांच्या वर्षाने मोजण्याची तोड निघाली. दक्षिणेत हीच तोड शहाजहानच्या काळी, १६३६ च्या सुमारास, हिजरी १०४६ पासून लागू झाली. मधल्या ऐंशी वर्षांत हिजरीचा आकडा सौर गणतीच्या पुढे सरकलेला होता. त्यामुळे उत्तरेकडील फसली आणि दक्षिणेकडील फसली ह्यांत दोन वर्षांहून अधिक अंतर पडले. दोन्हींचे नाव एकच. कागदावर 'फसली सन अमुक' एवढेच असते, कोणता फसली ते नसते.

वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या अमलात होते. त्या वर्षीच्या तहाने ते इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि कचेऱ्यांत इंग्रजी महिने आले. परंतु सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा ह्यांच्या पश्चिम-दक्षिणेस लागूनच असलेला मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिला, आणि तेथील सरकारी कागदांवर फसलीच चालू होता. तोही निराळा, ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होणारा, आजूर, दै, बहमन अशा फारसी महिन्यांचा. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. देऊळगाव राजाहून जालना म्हणजे बैलगाडीची एका दिवसाची वाट. लेक अलीकडे जन्मली आणि पलीकडे दिली, शेत अलीकडे आणि सोयरीक पलीकडे, असे व्यवहार ह्या भागात नित्याचे. अशा घरच्या पेटीत एका कागदावर १९४७ असते, दुसऱ्यावर १३५७. आणि दोन्ही कागद एकाच पावसाळ्यानंतरचे असू शकतात. आज ते दोन्ही एकाच फाइलीच्या एकाच रकान्यात उतरविले, तर यंत्राच्या मते त्या दोहोंत ५९० वर्षांचे अंतर. ही चूक निदान डोळ्यांत भरते. लहान चुकांचे भय अधिक.

लहान चुकीचे उदाहरणही ह्याच जिल्ह्यात आहे. सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे १७२४ साली निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान ह्यांची लढाई झाली. मुबारिजखान पडला, दक्षिणेत निजामाचे स्वतंत्र राज्य उभे राहिले, ते ह्या रणावर. विजयाप्रीत्यर्थ गावास फत्तेखेर्डा असे नाव दिले गेले. इतक्या महत्त्वाच्या लढाईची तारीख काही पुस्तकांत १ ऑक्टोबर आणि काहींत ११ ऑक्टोबर अशी आढळते. सामान्य वाचक म्हणतो, एकात छापण्याची चूक असेल. तसे नाही. मूळ तारीख हिजरीतील: २३ मोहरम ११३७. तिचे रूपांतर करणाऱ्यांपुढे दोन युरोपीय पंचांगे होती.

रोमन काळापासून चालत आलेल्या ज्यूलियन पंचांगात लीप वर्षे किंचित अधिक धरली जात. ती चूक साचत गेली, म्हणून १५८२ साली पोप ग्रेगरी ह्याने दहा दिवस गाळून नवे पंचांग चालू केले. पोर्तुगिजांनी ते तत्काळ घेतले. इंग्रजांनी मात्र १७५२ पर्यंत घेतले नाही. त्या वर्षी इंग्रजांच्या राज्यात २ सप्टेंबरनंतरचा दिवस एकदम १४ सप्टेंबर झाला. म्हणजे शिवकाळात गोव्याच्या पत्रावरील तारीख आणि सुरतेच्या इंग्रज वखारीतील पत्रावरील तारीख ह्यांत दहा दिवसांचे अंतर, दोन्ही पत्रे एकाच सकाळी लिहिलेली असोत. त्यात भर म्हणजे इंग्रजांचे वर्ष तेव्हा १ जानेवारीस नव्हे, २५ मार्चला बदले. फेब्रुवारीतील पत्रावर त्यांच्या मते अजून गेले वर्षच चालू असे.

आता साखरखेर्ड्याकडे परत यावे. १७०० नंतर दोन पंचांगांतील अंतर दहाचे अकरा झाले. जुन्या गणनेचा १ ऑक्टोबर १७२४ म्हणजे नव्या गणनेचा १२ ऑक्टोबर. मग ११ कोठून आला? उरलेला एक दिवस हिजरीचा आहे. हिजरी महिना चंद्रदर्शनाने लागतो. कोष्टकाने काढलेला आणि डोळ्यांनी पाहिलेला चंद्र ह्यांत एका दिवसाचा फरक सहज पडतो, कोष्टकांचेही आरंभदिवस दोन आहेत, आणि शिवाय मुसलमानी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, हिंदू दिवस सूर्योदयाला, युरोपीय दिवस मध्यरात्रीला. १ आणि ११ ह्या आकड्यांत दहाचे अंतर पाहून 'जुने-नवे पंचांग' असे म्हणून पुष्कळजण प्रश्न सुटला समजतात. हिशेब मात्र एका दिवसाने अडून राहतो. नव्या गणनेने ११ तारखेस बुधवार आणि १२ तारखेस गुरुवार होता. अशा ठिकाणी हिजरी तारखेला वाराची जोड असली की वाद तेथेच मिटतो. कारकुनाचा तो एक शब्द किती मोलाचा, हे अशा वेळी कळते.

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद महाराष्ट्रास परिचित आहे; त्याचा विस्तार येथे नको. बखरींतून आलेली वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही एक बाजू, आणि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही दुसरी. दुसऱ्या तिथीस बळ मिळाले ते लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीमुळे. आणि अखेर महाराष्ट्र शासनाने २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. जेध्यांच्या नोंदीत शक आहे, शुक्ल हे संवत्सर आहे, महिना, पक्ष, तिथी आहेत, वार शुक्रवार आहे, नक्षत्रही आहे. १५५१ त बारा मिळवून साठाने भागले की बाकी तीन, आणि तिसरे संवत्सर शुक्लच. गणिताने वार शुक्रवारच. इतक्या साक्षी एका ओळीत उभ्या असल्यामुळेच अडीचशे-पावणेतीनशे वर्षांनी ती ओळ न्यायासनापुढे टिकली. तेथे नुसते '१९-२-३०' असे लिहिलेले असते तर?

ही थट्टा नव्हे. आजच्या फाइलींत तारीख बहुधा अशीच असते. भारतात आधी दिवस, मग महिना, मग वर्ष लिहितात. अमेरिकेत महिना आधी. यंत्र ज्या देशाच्या सवयीवर बसविलेले असेल त्याप्रमाणे ते वाचते. शेगावच्या दोन तारखा सर्वश्रुत आहेत: गजानन महाराज प्रकट झाले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, आणि समाधी ८ सप्टेंबर १९१० रोजी. '२३-०२-१८७८' हे अमेरिकन सवयीच्या यंत्राने वाचले तर तेविसावा महिना नसल्यामुळे ते अडते. परंतु '०८-०९-१९१०' हे ते निमूटपणे ९ ऑगस्ट असे वाचून पुढे जाते. बारापर्यंतचे दिवस असे गुपचूप उलटतात. वर्षातील १४४ तारखा दोन्ही रीतींनी वाचता येतात; त्यांपैकी १२ उलटल्या तरी त्याच राहतात; बाकीच्या १३२ बदलतात आणि बदलल्याचे कोणास कळत नाही. अडणारे यंत्र परवडले.

कचेऱ्यांत घरोघरच्यासारखे झालेले एक्सेल आणखी एक अडचण करते. त्याच्या नेहमीच्या गणनेत काळाचा आरंभ १ जानेवारी १९०० ला होतो. त्यापूर्वीची तारीख त्यास तारीख वाटतच नाही. ती नुसती अक्षरे म्हणून पडून राहते. शेगावच्या दोन तारखांपैकी समाधीचा दिवस त्याच्या लेखी संख्या आहे, आणि प्रकटदिन शब्द. दोन्ही एका रकान्यात ठेवून क्रम लावा म्हटले तर तो कसा लागणार? शिवाय १९०० हे लीप वर्ष नसताना ह्या यंत्रात २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस मोजलेला आहे. लोटस नावाच्या जुन्या प्रणालीत ती चूक होती, आणि तिच्या फाइलींशी जुळावे म्हणून ती जाणूनबुजून राखली गेली. ऐंशी वर्षांचे अंतर पडलेल्या दोन फसलींची हकीकत ज्यांनी नुकतीच ऐकली, त्यांस ह्याचे आश्चर्य वाटणार नाही.

शेगावच्या प्रकटदिनाची तिथी महाराष्ट्रात माघ वद्य सप्तमी. सातपुड्यापलीकडे, जेथे महिना पौर्णिमेस संपतो, तेथे हाच दिवस फाल्गुन कृष्ण सप्तमी होतो. दिवस एक, महिने दोन.

ह्या गोंधळावर जगाने एक तोड काढली आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ साली ८६०१ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. त्याप्रमाणे आधी वर्ष चार अंकी, मग महिना दोन अंकी, मग दिवस दोन अंकी लिहावयाचा: १९१०-०९-०८. ह्याचा मोठा गुण असा की, अक्षरे म्हणून क्रम लावला तरी काळाचा क्रम आपोआप लागतो. दिवस आधी लिहिला तर डिसेंबर १९५२ ची पहिली तारीख जानेवारी १९४७ च्या दुसऱ्या तारखेच्या आधी जाऊन बसते. सुहूर सनातला 'एकं-दहं-शेकडा-हजार' हा उलटा क्रम येथे सुलट झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र देवनागरी अंकांत भरलेली तारीख आणि इंग्रजी अंकांत भरलेली तारीख यंत्रास दोन निराळ्या लिपी वाटतात. एका फाइलीत दोन्हींची सरमिसळ झाली की क्रम पुन्हा बिघडला. जुन्या हस्ताक्षरांत १ आणि ९ ह्यांचा होणारा भ्रम आणखी निराळा.

परंतु वऱ्हाडातील नोंदींची खरी कठीण जागा ह्याहून वेगळी आहे, आणि ती शाळेत आहे. पूर्वी खेड्यातील बाप मुलास शाळेत घालावयास आणी तेव्हा गुरुजी जन्मतारीख विचारीत. उत्तर येई: पोळ्याच्या करीला झाला, किंवा, साथीच्या सालचा, किंवा, थोरल्याहून दोन पिके धाकटा. गावच्या कोतवाल बुकात नोंद असली तर ठीक. तालुक्याला जाऊन ती पाहून येण्याइतकी सवड कोणास होती? मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानास लागतो की नाही हे पाहून गुरुजी वय ठरवीत आणि दाखलखारीज रजिस्टरात १ जून ही तारीख घालीत. शाळा जूनमध्ये उघडे, हिशेबाला सोपे. अशा रीतीने महाराष्ट्रातील असंख्य माणसे १ जूनला जन्मली, आणि नोकरीत गेली ती ३१ मे रोजी निवृत्त झाली. कोणाची दोन वर्षे वाढली, कोणाची बुडाली. निवृत्तिवेतन, वारसा, मतदान, विवाहाचे वय, सारे त्या एका टाकाच्या फटकाऱ्यावर ठरले. ह्यात गुरुजींनी लबाडी केली असे म्हणता येत नाही. त्यांच्यापुढे रकाना होता, आणि रकान्यात तारीखच लिहावयाची होती. 'सुमारे' हा शब्द बसण्यास तेथे जागा नव्हती. एखादा दक्ष शिक्षक शेऱ्यात 'अंदाजे' असे बारीक अक्षरांत लिहून ठेवी. रजिस्टर जेव्हा यंत्रात उतरविले गेले तेव्हा तारखेचा रकाना घेतला गेला आणि शेरा मागे राहिला.

तारखेपुढे अंदाजाची खूण करण्याची सोय जगाच्या मानकात २०१९ साली झाली: वर्षाच्या आकड्यापुढे एक लहानशी नागमोडी रेघ. 'सुमारे १९३८' असा तिचा अर्थ. ज्या गुरुजींना तिचा उपयोग झाला असता, त्यांची रजिस्टरे तोवर जीर्ण होऊन गेली होती.

आणि ह्याच मानकात सिंदखेडच्या तारखेसाठी एक पेच दडलेला आहे. त्याच्या नियमाप्रमाणे लिहिलेली तारीख नव्या, ग्रेगोरियन गणनेचीच समजावयाची. इतिहासाच्या पुस्तकांतील शिवकाळाच्या इंग्रजी तारखा मात्र सामान्यतः जुन्या, ज्यूलियन गणनेच्या आहेत. १६३०-०२-१९ असे यंत्रात भरले की यंत्र वार मंगळवार सांगते. जेध्यांचा शुक्रवार मिळावयास हवा असेल तर १६३०-०३-०१ असे भरावे लागते. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ त्याच न्यायाने १६ जून होतो. सिंदखेडचा १२ जानेवारी १५९८ जसाच्या तसा भरला तर यंत्र त्या रात्रीच्या आकाशात चतुर्थी-पंचमीची कोर दाखविते. पौर्णिमेचा चंद्र त्यास दहा दिवसांनी, २२ जानेवारीस सापडतो. उत्सव १२ जानेवारीस करावा की नाही, ह्याच्याशी ह्या गणिताचा संबंध नाही. लोकांनी एक दिवस मानला, तो त्यांचा झाला. परंतु फाइल भरणाऱ्याचे तसे नाही. त्याने '१२ जानेवारी' हा आकडा कोणत्या पंचांगातला ते न लिहिता ठेवला, तर पुढला वाचक पौर्णिमेलाच खोटे ठरवील.

म्हणून जाणते लोक आता दोन निराळे रकाने ठेवतात. एकात मूळ कागदावर जे असेल ते अक्षरशः: 'छ', 'सु॥', 'अंदाजे', संवत्सर, वार, काहीही न गाळता. दुसऱ्यात आपण केलेले रूपांतर, आणि ते कोणत्या गणनेने केले ते. ह्याने फाइल लांबते, भरणारा कंटाळतो, आणि वरिष्ठ विचारतात की हे दुहेरी काम कशाला. सिंदखेडची ओळ अशा फाइलीत येणेप्रमाणे उतरेल: शके १५१९, हेमलंबी संवत्सर, पौष शुद्ध पौर्णिमा, जुनी गणना १२ जानेवारी १५९८, नवी गणना १५९८-०१-२२, वार, गणिताने, गुरुवार, आधार, परंपरा.